‘फास्ट नेक’ची गिटार घेतली की बोटं खरंच वेगाने पळतात का?

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला गेलात की ‘याचा नेक पातळ आहे, बोटं सुसाट पळतील’ असं हमखास ऐकायला मिळतं. यात तथ्य किती?

१९८७ साली आयबानेझ कंपनीने गिटारवादक स्टीव्ह वायसोबत ‘जेम’ हे मॉडेल आणलं. त्याचा नेक पातळ आणि मागून चपटा. अशा नेकवर अंगठा मागे मधोमध टेकतो, बोटं लांबवर पसरतात. पण अंगठा वरून अडकवून वाजवायची सवय असेल, तर पातळ नेक नकळत घट्ट आवळला जातो आणि हात लवकर दुखतो. त्यांना जाड, गोलसर नेकच सोयीचा.

दुसरा मुद्दा फ्रेटचा. सतारीला जसे पडदे, तसे गिटारला फ्रेट. ते उंच असले की बोट लाकडाला कमी घासतं, हलका दाब पुरतो. यंगवी माल्मस्टीन तर दोन फ्रेटमधलं लाकूड कोरलेली गिटार वाजवतो. मात्र दाब जास्त पडला की तार ताणली जाते आणि सूर चढतो.

तिसरा मुद्दा फ्रेटबोर्डच्या गोलाईचा. जुन्या फेंडरची त्रिज्या ७.२५ इंच, तर गिब्सनची साधारण १२ इंच. त्रिज्या मोठी म्हणजे फ्रेटबोर्ड सपाट. त्यावर तारा खाली ठेवल्या तरी तार ओढताना सूर मरत नाही.

थोडक्यात, नेक वेग देत नाही, फक्त अडथळा कमी करतो. त्यामुळे नवी गिटार घेण्याआधी आहे तिचाच सेटअप करून घ्या. तारांची उंची आणि फ्रेटची पातळी नीट झाली, तर कदाचित नवी घ्यावीही लागणार नाही.