सामुद्रधुनी अरुंद, झोप अपुरी

न्हावा-शेव्याहून चीन, जपान किंवा कोरियाकडे निघालेले मालवाहू जहाज श्रीलंकेला वळसा घालते, बंगालच्या उपसागराचा दक्षिण भाग पार करते आणि सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाशी मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरते. एका हाताला मलेशिया, दुसऱ्या हाताला इंडोनेशिया आणि शेवटी सिंगापूर. आठशे किलोमीटरहून लांब असा हा पाण्याचा रस्ता दक्षिणेकडे निमुळता होत जातो. सिंगापूरजवळच्या फिलिप चॅनेलमध्ये त्याची रुंदी जेमतेम २.८ किलोमीटर उरते. वर्षाकाठी ८०,००० हून अधिक मोठी जहाजे येथून ये-जा करतात. शिवाय या काठावरून त्या काठावर जाणाऱ्या प्रवासी बोटी आणि मच्छीमारांच्या होड्या असतात, त्या वेगळ्याच.

अशा ठिकाणी जहाज सुरक्षित ठेवतात ते नकाशे, दिवे, रडार आणि नियम. या सगळ्यांचा शेवटचा वापरकर्ता मात्र एक माणूस असतो. जहाजाच्या ब्रिजवर उभा राहून काळोखात पाहणारा. त्याचे डोळे आणि मेंदू कसे चालतात, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे. या सामुद्रधुनीत गेल्या पन्नास वर्षांत देशादेशांनी मिळून जे उभे केले, ते पाहिले तर बरेचसे काम या माणसाच्या शरीराच्या मर्यादा ओळखूनच झालेले दिसते. एका मर्यादेचा बंदोबस्त मात्र अजून नीट झालेला नाही. ती म्हणजे झोप.

दिवे कोणी लावले?

सिंगापूरच्या पूर्वेला पेद्रा ब्रांका नावाच्या खडकावर १८५१ पासून हॉर्सबर्ग दीपगृह उभे आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे जलमार्ग सर्वेक्षक जेम्स हॉर्सबर्ग यांच्या स्मरणार्थ व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि त्यातून या कामाला सुरुवात झाली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे जहाजे वाढत गेली, आकाराने मोठी होत गेली. रस्ता मात्र तेवढाच राहिला.

१९७१ मध्ये इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर यांनी एकत्रित निवेदन काढून या मार्गाच्या सुरक्षेसाठी सहकार्य करायचे ठरवले. जानेवारी १९७५ मध्ये ‘शोवा मारू’ हे जपानी तेलवाहू जहाज सिंगापूरजवळ खडकावर चढले आणि हजारो टन तेल समुद्रात सांडले. ठरावापुरत्या राहिलेल्या सहकार्याला त्यानंतर वेग आला. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने येण्याच्या आणि जाण्याच्या वेगळ्या मार्गिका मंजूर केल्या आणि १९८१ पासून त्या लागू झाल्या. खोल बुडणाऱ्या जहाजांच्या तळाखाली किमान ३.५ मीटर पाणी हवे आणि अवघड टप्प्यांत त्यांचा वेग १२ नॉटच्या वर नको, असेही ठरले. या मार्गावर काही ठिकाणी खोली जेमतेम २३ मीटर आहे आणि पूर्ण भरलेले महाकाय तेलवाहू जहाज पाण्याखाली २० मीटरपर्यंत असते. हे लक्षात घेतले की त्या साडेतीन मीटरचे मोल कळते.

१९८२ च्या सागरी कायदा कराराने आणखी एक गोष्ट मांडली. सामुद्रधुनीच्या काठचे देश आणि तिचा वापर करणारे देश, दोघांनी मिळून दिशादर्शक साधनांची काळजी घ्यावी. काठच्या तिघांनी रस्त्याची देखभाल करायची आणि बाकीच्या जगाने तो फुकट वापरायचा, हे अन्यायाचे होते. जपानमधील संस्था १९६८ पासूनच दिवे आणि तरंगते बोये यांच्यासाठी पैसा देत आल्या होत्या. २००७ मध्ये तीनही देशांनी ‘सहकार्य यंत्रणा’ स्थापन केली आणि तिच्या निधीत वापरकर्ते देश व संस्था स्वेच्छेने भर घालू लागल्या. विशेष म्हणजे त्याच काळात पेद्रा ब्रांका कोणाचा, यावरून मलेशिया आणि सिंगापूर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात एकमेकांविरुद्ध उभे होते. २००८ मध्ये निकाल सिंगापूरच्या बाजूने लागला. खडकाचा वाद कोर्टात राहिला आणि दिव्यांचे काम चालू राहिले.

काळोखात डोळा काय पाहतो?

रात्री ब्रिजवर मिट्ट काळोख ठेवलेला असतो. यामागे डोळ्याची रचना आहे. उजेडातून अंधारात गेल्यावर दृष्टिपटलावरच्या दंडपेशींना पूर्ण संवेदनशील व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. एखाद्याने मध्येच मोबाइलचा पांढरा पडदा पाहिला, तर ही तयारी बऱ्याच अंशी वाया जाते. म्हणूनच पहारा बदलताना नव्या माणसाची नजर अंधाराला सरावल्याशिवाय त्याने ताबा घेऊ नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. डोळ्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात. त्यामुळे दूरचा अंधूक दिवा थेट पाहण्यापेक्षा किंचित बाजूला पाहिल्यास चांगला दिसतो. अनुभवी खलाशांना हे पुस्तक न वाचताही ठाऊक असते.

सिंगापूरजवळ अडचण उलटी होते. शहर, बंदर आणि नांगर टाकून उभी असलेली शेकडो जहाजे यांच्या झगमगाटात समोरून येणाऱ्या जहाजाचा दिवा ओळखणे कठीण जाते. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. समोरच्याचा लाल दिसतो की हिरवा, यावरून ते कोणत्या दिशेने चालले आहे आणि वाट कोणी द्यायची, हे ठरते. या मार्गिका आडव्या ओलांडणाऱ्या जहाजांनी रात्री एकाखाली एक असे तीन हिरवे दिवे लावावेत, अशी पद्धत २०११ पासून सिंगापूरच्या सामुद्रधुनीत आली आहे. झगमगाटात वेगळी उठून दिसेल अशी खूण डोळ्याला देणे, एवढाच तिचा हेतू.

धुराने तर डोळ्यांचा आधारच जातो. १९९७ मध्ये इंडोनेशियातील जंगलांच्या आगींचा धूर आठवडेच्या आठवडे या भागावर साचला होता. सप्टेंबरअखेरीस, या धुराच्या दिवसांतच, मलाक्काच्या सामुद्रधुनीत ‘विक्रमन’ हे भारतीय मालवाहू जहाज एका मोठ्या तेलवाहू जहाजाशी झालेल्या टकरीनंतर बुडाले. पंचवीसहून अधिक खलाशी परत आले नाहीत. पुढच्याच महिन्यात सिंगापूरजवळ दोन तेलवाहू जहाजांची टक्कर होऊन सुमारे २८,५०० टन जड तेल सांडले. १ डिसेंबर १९९८ पासून मोठ्या जहाजांना या मार्गात शिरताना वायरलेसवर आपली नोंद देणे सक्तीचे झाले. आज नऊ विभागांत वाटलेल्या या मार्गावर मलेशियातील क्लांग व जोहोर आणि सिंगापूर येथील नियंत्रण केंद्रे रडारवरून लक्ष ठेवतात. ब्रिजवरच्या डोळ्यांना किनाऱ्यावरच्या डोळ्यांची जोड मिळाली.

शरीराचे घड्याळ

डोळे उघडे असले म्हणजे माणूस जागा असतोच असे नाही. मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटासा पेशीसमूह शरीराचे चोवीस तासांचे घड्याळ चालवतो. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वात खाली असते, प्रतिक्रिया मंदावते आणि निर्णयात चुका होतात. मन घट्ट करून हे टळत नाही. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले होते. दारू प्यायलेला निदान ओळखू येतो. झोप न झालेला ओळखू येत नाही, आणि आपण किती मंदावलो आहोत हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

जहाजावर पहारे एक तर चार तास काम व आठ तास सुट्टी असे असतात, किंवा माणसे कमी असलेल्या जहाजांवर सहा तास काम व सहा तास सुट्टी असे. सहा तासांच्या सुट्टीत जेवण, आंघोळ, कागदपत्रे आणि घरी एक फोन हे सारे उरकल्यावर झोपेला साडेचार-पाच तास मिळाले तरी पुष्कळ. तीही तुकड्यातुकड्यांची. शिवाय भारताकडून पूर्वेला जाताना घड्याळे पुढे करावी लागतात. सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. म्हणजे हवी असते त्याच वेळी रात्र आखूड होते. सामुद्रधुनीत चोरट्यांवर नजर ठेवण्यासाठी जादा पहारे लागतात. कप्तान तर अवघड टप्पा संपेपर्यंत ब्रिजवरून हलत नाही. आणि सिंगापूर आले की लगेच मालाची चढ-उतार सुरू.

२१ ऑगस्ट २०१७ रोजी पहाटे सव्वापाचनंतर, सिंगापूरच्या पूर्वेकडून या सामुद्रधुनीत शिरताना अमेरिकी नौदलाची ‘जॉन एस. मॅककेन’ ही युद्धनौका ‘अल्निक एमसी’ या तेलवाहू जहाजाशी आदळली. युद्धनौकेवरचे १० नौसैनिक दगावले. सुकाणूचे नियंत्रण एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्याकडे देताना गोंधळ झाला होता आणि प्रशिक्षण अपुरे होते. पण अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली. संबंधित कर्मचाऱ्यांना आदल्या चोवीस तासांत सरासरी पाच तासांपेक्षाही कमी झोप मिळाली होती. अत्याधुनिक रडार, जागतिक दर्जाची उपकरणे, आणि ती वापरणारा मेंदू अर्धवट झोपेत. या आणि त्याच वर्षी जपानजवळ झालेल्या आणखी एका अपघातानंतर अमेरिकी नौदलाने पहाऱ्यांचे वेळापत्रक शरीराच्या घड्याळाशी जुळवून घ्यायला सुरुवात केली.

हिशेब साधा आहे. १२ नॉट म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. या वेगाने जहाज आठ मिनिटांत जवळपास तीन किलोमीटर जाते. फिलिप चॅनेलच्या सर्वात अरुंद जागेची रुंदी यापेक्षा कमी आहे. म्हणजे पहाटेची आठ मिनिटांची एक डुलकी पुरे.

वहीतली विश्रांती

या बाबतीतही जगाने नियम केलेले आहेत. २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणे खलाशाला चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. दहा तासांचे फार तर दोन तुकडे करता येतात आणि त्यातला एक किमान सहा तासांचा हवा. भारताने २०१५ मध्ये या कराराला मान्यता दिली. ब्रिजवर ठरावीक मिनिटांत कोणी हालचाल केली नाही, तर वाजणारी घंटाही आता सक्तीची आहे.

पण घंटा झोप देत नाही, झोपलेल्याला उठवते. आणि विश्रांतीच्या तासांची वही नेहमी खरे बोलत नाही. स्वीडनमधील जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कामाच्या आणि विश्रांतीच्या नोंदी नियमात बसतील अशा ‘जुळवून’ घेण्याची सवय सर्रास असल्याचे दिसले. कारण उघड आहे. माणसे मोजकी, काम भरपूर, आणि खरी नोंद केली तर बंदरात तपासणीत जहाज अडकण्याची भीती. खोटी नोंद करणारा खलाशी स्वतःच्याच झोपेची चोरी लपवत असतो. बोया जागेवर नसेल तर तो दुसऱ्या दिवशी कोणाला तरी दिसतो. न झालेली झोप कोणत्याही रडारवर उमटत नाही. एका बोयासाठी अनेक देश एकत्र पैसे घालतात, तशीच ब्रिजवर आणखी एक माणूस ठेवण्याची जबाबदारीही जहाजमालक आणि जहाजांवर झेंडा देणारे देश यांनी वाटून घ्यायला हवी. थकव्यावरचे खरे औषध तेच आहे.

घरच्यांसाठी दोन गोष्टी

कोकणातली आणि गोव्यातली अनेक घरे जहाजावरच्या पगारावर चालतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी उपयोगाच्या. पहिली, मुलाला मर्चंट नेव्हीत पाठवायचे असेल, तर प्रशिक्षणाची फी भरण्याआधी त्याची रंगदृष्टी तपासून घ्या. ठिपक्यांच्या चित्रांतून आकडा ओळखण्याची ही चाचणी काही मिनिटांची असते. लाल-हिरव्यातला फरक न कळणे हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो, जन्मभर राहतो आणि तो असलेल्याला स्वतःला कळतोच असे नाही. लाखो रुपये भरल्यावर वैद्यकीय तपासणीत तो उघडकीस आला, तर घराची घडी विस्कटते.

दुसरी गोष्ट, जहाजावरून परतलेला माणूस पहिले काही दिवस अवेळी झोपतो, रात्री जागतो. हा आळस नव्हे. त्याचे घड्याळ जागेवर यायला वेळ लागतो. सकाळचा सूर्यप्रकाश आणि ठरलेल्या वेळी उठणे याने ते लवकर रुळते. मात्र मोठ्याने घोरणे, घोरता घोरता श्वास अडकणे आणि पुरेशी झोप होऊनही दिवसभर पेंगणे ही लक्षणे असतील, तर पुढच्या कराराआधी डॉक्टरांना दाखवावे. झोपेत श्वास थांबण्याच्या या विकारावर उपचार आहेत. तो अंगावर काढून पुन्हा रात्रीच्या पहाऱ्याला उभे राहणे धोक्याचे आहे, त्याच्यासाठी आणि त्याच्या सोबत असलेल्या सगळ्यांसाठी.