रुळालगतचा आंदोलक

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर आणि सरोजिनी नगर या परिसरातून रिंग रेल्वे जाते, आणि तेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसकडे झुकतो, तर जानेवारीच्या पहाटे तो ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा हवेत रुळालगत उघड्यावर बसणाऱ्या संवेदकाची खरी परीक्षा त्याच्या आंदोलकाच्या स्थैर्यात होते. आंदोलक म्हणजे बाहेरून संकेत न घेता ठरावीक कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करणारा परिपथ. ट्रान्झिस्टरने वाढवलेल्या संकेताचा काही अंश वेटोळे आणि धारित्र यांच्या जोडीतून पुन्हा त्याच्याकडेच वळवला, आणि तो योग्य कलेत व पुरेशा बळाने परतला, तर आंदोलन टिकून राहते. हाच बार्कहाउझेन यांचा निकष.

जवळ आलेली वस्तू ओळखण्यात अडचण कोठे येते, हे आकड्यांतून स्पष्ट होते. समजा, १ मेगाहर्ट्झच्या परिपथात १०० पिकोफॅरडचे धारित्र आहे. हात जवळ आल्याने त्याची धारणा ०.१ पिकोफॅरडने वाढली, तर कंप्रता सुमारे ५०० हर्ट्झने उतरते. पण धारित्राची धारणा दर अंशाला दशलक्षात १०० भागांनी बदलत असेल, तर ४० अंशांच्या फरकाने हीच कंप्रता सुमारे २,००० हर्ट्झने सरकते, म्हणजे हवामान हातापेक्षा चौपट मोठा संकेत देते. त्यामुळे तापमानाने फारसे न बदलणारी धारित्रे वापरणे, झेनर डायोडने पुरवठ्याचा दाब स्थिर ठेवणे आणि पुढच्या टप्प्याचा भार आंदोलकावर पडू नये म्हणून मध्ये एमिटर फॉलोअर घालणे, हे उपाय केले जातात. जेम्स क्लॅप यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेत वेटोळ्याशी एकसरीत एक लहान धारित्र जोडलेले असते. ट्रान्झिस्टरची स्वतःची, उष्णतेने बदलणारी धारणा त्यामुळे जवळपास निष्प्रभ होते, आणि इतक्या अल्प खर्चात मिळणारे हे स्थैर्य खरोखर कौतुकास्पद आहे.

कारखान्यांतील प्रॉक्सिमिटी स्विचमध्ये मात्र आंदोलन मुद्दाम काठावर ठेवतात: धातू जवळ आला की त्यात भोवरप्रवाह निर्माण होतात, ते वेटोळ्यातील ऊर्जा शोषतात, आंदोलन मंदावते किंवा थांबते, आणि स्विच फिरतो. पोलादाच्या तुलनेत तांबे वा ॲल्युमिनियम बरेच जवळ आणावे लागते, हे बसवणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

रेल्वेच्या ॲक्सल काउंटरमध्ये, म्हणजे डब्यांचे आस मोजणाऱ्या यंत्रणेत, रुळाच्या एका बाजूला प्रेषक वेटोळे आणि दुसऱ्या बाजूला ग्राहक वेटोळे असते. साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही १९७४ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी अशा यंत्रणा तयार करते. चाक मधून गेले की चुंबकीय क्षेत्राची वाट बदलते आणि ग्राहकातील दाब बदलतो. थोड्या अंतरावरच्या दोन जोड्यांपैकी कोणती आधी सावध झाली, यावरून गाडीची दिशाही कळते. विभागात शिरलेल्या आणि बाहेर पडलेल्या आसांची संख्या जुळली, तरच तो विभाग रिकामा मानला जातो.