श्यामपासून जब्यापर्यंत

स्वातंत्र्योत्तर मराठी चित्रपटाने बालपणाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा मागोवा घ्यावयाचा तर आरंभ 1953 सालच्या ‘श्यामची आई’पासूनच करावा लागतो. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ही कथा आचार्य अत्र्यांनी पडद्यावर आणली, तेव्हा गुरुजींना जाऊन तीन वर्षे लोटली होती. आणि कोकणातील ज्या खोत घराण्याची कर्जापायी झालेली वाताहत, दारावर आलेली जप्ती व त्या नामुष्कीने खचत गेलेली माउली तीत चितारली आहे, त्या कोकणातील खोतीची वहिवाटही कायद्याने नुकतीच संपुष्टात आली होती. अस्तंगत झालेल्या व्यवस्थेविषयी या कथेत हळहळ नाही, हळहळ आहे ती केवळ आईसाठी, आणि हेच मला तिचे थोरपण वाटते. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटास लाभले, ते सर्वथा यथायोग्य होते.

तथापि या कथेतील एका प्रसंगापाशी मन वारंवार अडखळते. अस्पृश्य म्हातारीची लाकडांची मोळी रस्त्यात पडली आहे, एकटीने ती तिला उचलवत नाही आणि हात लावायला कोणी पुढे होत नाही; अशा वेळी आई श्यामला सांगते की, जा, तिच्या डोक्यावर मोळी चढव, आणि घरी येऊन स्नान कर. तिची करुणा अस्सल आहे, तरीही ते स्नान सुटत नाही. आणि त्या म्हातारीच्या नातवाचे बालपण कसे गेले असेल, ही पृच्छा तितक्याच सामर्थ्याने व्हायला पुढे साठ वर्षे जावी लागली.

दरम्यान ‘शाळा’ने आणीबाणीच्या काळातील पौगंडावस्था कोवळेपणाने रेखाटली, परंतु श्यामला खरा जाब विचारला तो नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील जब्याने. डुक्कर धरण्याची धावपळ ऐन रंगात असताना शेजारच्या शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, आणि त्याच्यामागोमाग घरची माणसेही; पुढे तेच डुक्कर बांबूला टांगून, भिंतीवर रंगविलेल्या आंबेडकर-सावित्रीबाईंच्या चित्रांवरून, त्यांना वाहून न्यावे लागते. वर्गातल्या मुलांसमोर हेच काम करावे लागणे ही त्या पोराची खरी जप्ती होय.

आपल्या शाळांतून ‘श्यामची आई’ मुलांना आवर्जून दाखविली जाते, आणि ती दाखविलीच पाहिजे. माझी शिक्षकांना कळकळीची विनंती एवढीच की, थोरल्या वर्गांना त्यापाठोपाठ ‘फँड्री’ही दाखवावा.