क्लिपमधला कॅमेरा चुकला की पोरगं ‘चीटर’ ठरतं

ग्वाल्हेर : जयविलास महाल होण्याआधी शिंद्यांचा मुक्काम जिथे होता, त्या गोरखीच्या आसपास मराठी घरं अजून आहेत. संध्याकाळी पोरं कॉम्प्युटरवर खेळायला बसली की एक भांडण ठरलेलं, ‘तू हॅक लावलास!’ मग पुरावा म्हणून अर्ध्या मिनिटाची क्लिप व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते. ग्रुपमध्ये इंदूरचा मावसभाऊ असतो, बेळगावची आतेबहीण असते, आणि निकाल दहा मिनिटांत लागतो. बऱ्याचदा तो चुकीचा असतो, कारण क्लिप काढताना कॅमेरा कुठे ठेवला होता हे कोणी विचारतच नाही.

आधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणजे तयार चित्र. त्यात जे दिसलं ते दिसलं, नंतर बाजू बदलता येत नाही. रिप्ले फाइल मात्र रोजकीर्दीसारखी असते. कोणत्या क्षणी कोण कुठे होता, कुणीकडे तोंड होतं, गोळी कधी सुटली, एवढ्याच नोंदी. त्या वाचून गेम सामना पुन्हा रंगवतो. म्हणून तर तोच क्षण मारणाऱ्याच्या डोळ्यांतून, मरणाऱ्याच्या मागून किंवा थेट छतावरून बघता येतो. पीसीवरच्या पबजीत आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये ही सोय आहे.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये डेमो लावल्यावर शिफ्ट आणि एफ-२ दाबलं की प्लेबॅकचा पट्टा येतो. स्पेसबारने कॅमेरा बदलतो: खेळाडूच्या डोळ्यांतून, त्याच्या मागून, आणि मोकळा. मोकळा कॅमेरा हाती आला की नवशिका तो पतंगासारखा उडवतो आणि बघणाऱ्याला गरगरतं. त्यापेक्षा कॅमेरा दोघेही दिसतील अशा कोपऱ्यात नेऊन तिथेच थांबवावा. घटना कॅमेऱ्यासमोर घडू द्यावी, कॅमेरा तिच्या मागे पळवू नये.

खरी गोम पुढे आहे. डेमो बघताना भिंतीपलीकडचे खेळाडू रंगीत रेषांनी उजळून दिसू शकतात. ही सोय बघणाऱ्यासाठी आहे, खेळताना त्या पोराला असलं काही दिसत नव्हतं. पण क्लिप तशीच काढली तर घरचा कुणीही म्हणेल, ‘अरे, याला भिंतीपलीकडचं दिसतंय!’ रेकॉर्डिंगआधी कन्सोलमध्ये ‘स्पेक_शो_एक्सरे ०’ ही आज्ञा (इंग्रजी अक्षरांत) टाकली की त्या रेषा जातात.

दुसरी फसगत नेटच्या उशिराची. गोळी झाडणाऱ्याच्या पडद्यावर समोरचा अजून दारात असतो, समोरच्याच्या पडद्यावर तो केव्हाच आडोशाला गेलेला असतो. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. रिप्लेतही निशाणा झटके देत सरकल्यासारखा दिसतो, कारण दोन नोंदींमधली जागा गेम अंदाजाने भरतो. त्यामुळे एकाच बाजूच्या क्लिपवरून कोणाला चोर ठरवू नये. आधी आरोप असलेल्याच्या डोळ्यांतून, मग बाजूच्या स्थिर कॅमेऱ्यातून, असे दोन तुकडे जोडून पाठवावेत.

स्लो मोशनचंही असंच. आधी रेकॉर्ड करून मग एडिटिंगमध्ये वेग कमी केला तर चित्र अडखळतं, कारण तीच चित्रं ताणली जातात. डेमोच हळू चालवला (‘डेमो_टाइमस्केल ०.५’) आणि ओबीएससारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरने ६० फ्रेमवर टिपला, तर मधली चित्रं गेम नव्याने काढतो आणि हालचाल सलग राहते.

मोठ्या स्पर्धांत या कामाला वेगळी माणसं असतात, त्यांना ऑब्झर्व्हर म्हणतात. २०२२ मध्ये बीजीएमआय मास्टर्स सिरीज स्टार स्पोर्ट्सवर दाखवली गेली, तेव्हा टीव्हीपुढच्या प्रेक्षकाला काय दिसायचं हे त्यांच्याच हातात होतं. कोण कुठे भिडणार याचा अंदाज घेऊन कॅमेरा आधीच तिथे न्यायचा, हे त्यांचं कसब. खेळत कोणी नसतं, तरी घाम फुटतो म्हणे.

आणि हे सगळं वेळेत करावं लागतं. गेम अपडेट झाला की जुन्या नोंदी नव्या गेमला वाचता येतीलच असं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला आणि आधीच्या सीएस:गोचे डेमो त्यात चालेनासे झाले. ज्यांनी व्हिडिओ काढून ठेवले होते त्यांच्याकडे ते सामने अजून आहेत. ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्यांच्या फाइली नव्या गेममध्ये उघडत नाहीत.