संभाषणापूर्वीचे संभाषण

दूरध्वनीवर दोन माणसे बोलू लागण्यापूर्वी यंत्रांचे आपापसांत एक निराळेच संभाषण होऊन गेलेले असते. कोणाला बोलवावयाचे, तो कोठे आहे, त्याचा दूरध्वनी मोकळा आहे की गुंतलेला, घंटा केव्हा वाजवावयाची आणि बोलणे संपल्यावर मार्ग कोणी मोकळा करावयाचा, हे सारे त्यात ठरते. या संभाषणाच्या नियमांना तंत्रज्ञ संकेत आणि नियंत्रण यांचे प्रोटोकॉल म्हणतात. इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरध्वनीसाठी असे अनेक प्रोटोकॉल निघाले. त्यांतील खरा भेद एकाच प्रश्नाचा आहे : हे सारे ठरविणारी बुद्धी कोठे ठेवावयाची?

जुन्या काळी हा प्रश्न नव्हता. आरंभी केंद्रावर बसलेली व्यक्ती हाताने तारा जुळवून देई. १८९१ साली अमेरिकेतील स्ट्राउजर याने हे काम आपोआप करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले. १९६० साली कानपूर व लखनौ यांच्यामध्ये मध्यस्थावाचून थेट नंबर फिरविण्याची सोय झाली. मध्यस्थ माणसाच्या जागी यंत्र आले, तरी बुद्धी केंद्रातच राहिली. घरातले उपकरण अजाणच होते. इंटरनेटची रचना याच्या उलट. मधले जाळे केवळ टपाल वाहून नेते आणि शहाणपण दोन्ही टोकांच्या संगणकांत असते. ध्वनीचे बारीक तुकडे करून ते या टपालातून पाठविता येतात, हे सिद्ध झाल्यावर जुन्या आणि नव्या विचारांची गाठ पडली.

हा भेद समजण्यासाठी एक उदाहरण घ्यावे. रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिलतरा ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. स्पंज आयर्न आणि पोलाद यांचे अनेक कारखाने तेथे आहेत. अशा एखाद्या कारखान्याचे मुख्य कार्यालय नागपुरास असून दोन्हींकडील दूरध्वनी इंटरनेटमार्गे चालतात, असे समजू. भट्टीवरील पाळीप्रमुखाला कारखान्यातल्याच अग्निशमन कक्षाशी बोलावयाचे आहे.

पहिली पद्धत एच. ३२३ ही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ती १९९६ साली प्रसिद्ध केली. तिच्यावर जुन्या दूरध्वनीशास्त्राची छाप स्पष्ट दिसते. जाळ्यावर एक द्वारपाल नेमलेला असेल, तर पाळीप्रमुखाचे उपकरण प्रथम त्याची परवानगी मागते. मग समोरच्या उपकरणास बोलावणे जाते. त्यानंतर कोणत्या प्रकारचा ध्वनी कोणास समजतो याची वाटाघाट होते आणि अखेरीस ध्वनीचे मार्ग उघडतात. सारा व्यवहार आकड्यांच्या संक्षिप्त सांकेतिक रूपात चालतो. दरबारी शिष्टाचाराप्रमाणे ही पद्धत काटेकोर आहे आणि तितकीच लांबलचकही. म्हणूनच १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत बोलणे लवकर सुरू करण्याची आडवाट तिच्यात घालावी लागली.

दुसरी पद्धत सिप. इंटरनेटच्या अभियंत्यांनी ती मार्च १९९९ मध्ये नियमबद्ध केली व जून २००२ मध्ये सुधारून घेतली. तिची भाषा साध्या पत्रासारखी, माणसाला वाचता येईल अशी आहे. एक उपकरण दुसऱ्यास आमंत्रण धाडते. ‘घंटा वाजत आहे’ असे उत्तर येते. मग स्वीकार, त्या स्वीकाराची पोच, आणि बोलणे आटोपल्यावर निरोप. कोणता ध्वनी चालेल, हेही आमंत्रणाबरोबरच लिहिलेले असते. दोन्ही टोके सज्ञान असून मधला सेवक बहुधा पत्ता शोधून देण्यापुरता असतो.

तिसरी पद्धत एमजीसीपी, हीही १९९९ सालचीच. तिच्यात समानतेचा प्रश्नच नाही. दूरस्थ नियंत्रक हा मालक आणि उपकरण हे आज्ञाधारक चाकर. पाळीप्रमुखाने रिसीव्हर उचलला की उपकरण कळविते, ‘उचलला.’ नियंत्रक सांगतो, ‘सूर ऐकव, आकडे गोळा कर.’ मग तो दोन टोकांना जोडण्याची आज्ञा देतो. इंटरनेट अभियंते आणि दूरसंचार संघ यांनी २००० साली मिळून काढलेली मेगाको किंवा एच. २४८ ही पद्धत याच कुळातली. मोठ्या कंपन्यांना ही व्यवस्था सोयीची वाटते, कारण हजारो स्वस्त उपकरणांत बदल न करता केवळ नियंत्रक सुधारून भागते.

आता कसोटीचा क्षण कल्पावा. भट्टीजवळ कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सुटला आहे आणि नेमक्या त्याच वेळी रस्ता खोदताना नागपूरकडे जाणारी तार तुटली आहे. नियंत्रक नागपुरास असेल, तर तिसऱ्या पद्धतीची उपकरणे मुकी होतील. शंभर पावलांवरच्या दोन टोकांनाही कोणी आज्ञा देणारा उरणार नाही. पहिल्या पद्धतीत द्वारपाल दूर असेल, तर परवानगीची वाट पाहत बसावे लागेल. दुसरीत एक उपकरण दुसऱ्याला थेट आमंत्रण धाडू शकते. मात्र सर्व आमंत्रणे नागपूरच्या सेवकामार्फतच जावीत असे ते बांधून ठेवले असेल, तर तेही तितकेच लाचार ठरते.

यातला मुद्दा महत्त्वाचा आहे. समानतेची भाषा स्वीकारली म्हणजे सत्ता वाटली गेलीच, असे होत नाही. मोबाइल दूरध्वनीची नियमावली रचणाऱ्या संस्थेने सिपचीच निवड केली. भारतात २०१६ साली केवळ चौथ्या पिढीच्या जाळ्यावर सुरू झालेल्या नव्या सेवेत प्रत्येक बोलण्याआधी हेच आमंत्रण जाऊ लागले. तथापि तेथे ते कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रांतूनच जाते. त्यामुळे हिशेब, सुरक्षितता आणि शिस्त साधते, पण मध्यवर्ती यंत्रांचा आधार सुटत नाही.

म्हणून कारखान्याने, रुग्णालयाने किंवा शाळेने दूरध्वनीची नवी व्यवस्था घेताना प्रोटोकॉलच्या नावाइतकाच आणखी एक प्रश्न विचारावा. बाहेरची तार तुटल्यावर आवारातल्या आवारात कोण कोणाशी बोलू शकेल? आवारातच एक लहानसा नियंत्रक, तारेचा दुसरा मार्ग आणि विजेची पर्यायी सोय असेल, तर तिन्ही पद्धती निभावून नेतात. विजेची गोष्टही विसरू नये. जुन्या दूरध्वनीला केंद्राकडूनच तारेतून वीज मिळे आणि घरातले दिवे गेले तरी तो बोले. नव्या उपकरणाला ती सवलत नाही. शांत दिवशी या तीन पद्धतींतला फरक बोलणाऱ्याच्या कानाला कळत नाही. तो भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला संकटाच्या घटकेला कळतो, आणि तेव्हा व्यवस्था बदलण्यास वेळ उरलेला नसतो.