वडगाव कोणते?

पत्रावर नुसते ‘वडगाव’ लिहिले तर पोस्टमनने ते कोठे न्यावे? जुन्नर तालुक्यात वडगाव आनंद आहे, वडगाव सहानी आहे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात वडगाव काशिंबेग आणि वडगाव पीर. जोडनाव लावले की घोटाळा मिटतो.

संगणकाच्या आज्ञावलीतही हीच अडचण येते. १९७५ साली अमेरिकेत एमआयटी येथे स्टील आणि ससमन यांनी ‘स्कीम’ ही भाषा रचली. तीत इतरांनी लिहिलेल्या फंक्शनांचे संच, म्हणजे लायब्ररी, आयात करता येतात. समजा, पावसाच्या यादीतील एकूण नोंदी मोजण्यासाठी तुम्ही ‘काउंट’ हे फंक्शन लिहिले. ‘एसआरएफआय १’ या लायब्ररीतही ‘काउंट’ आहे. पण ते दिलेल्या कसोटीस उतरणाऱ्या नोंदीच मोजते. आता ‘काउंट’ म्हणजे कोणते?

आयात केलेल्या नावाची पुन्हा व्याख्या करणे ही २०१३ च्या प्रमाण नियमांनुसार चूक आहे. मात्र ती पकडण्याचे बंधन नाही. म्हणून काही स्कीम तेथेच थांबतात, तर काही गुपचूप पुढे जातात. हे दुसरे अधिक घातक!

उपाय चार आहेत. ‘ओन्ली’ने हवी तेवढीच नावे घ्यावीत, ‘एक्सेप्ट’ने नको ती वगळावीत, ‘रीनेम’ने एखादे बदलावे, किंवा ‘प्रिफिक्स’ने सर्व नावांआधी खूण जोडावी. ‘यादी-’ ही खूण जोडली की लायब्ररीतले ते ‘यादी-काउंट’ आणि तुमचे नुसते ‘काउंट’.

तुमच्या परिसरात एकाच नावाची किती गावे आहेत व लोक ती कशी ओळखतात, ते शोधून पाहा.