जुनं वायरकट बंद पडलं? कार्ड बदलण्याआधी हे तपासा

मागच्या व्हिडिओत सेकंडहँड मशीनचा भाव कसा करायचा ते बघितलं. आजचा विषय जरा टेक्निकल आहे, पण थेट खिशाशी जोडलेला. समजा तुम्ही शिरोली किंवा भोसरीहून जुनं वायरकट आणलंत, नांदगाव तिठ्याजवळ किंवा कुडाळ एमआयडीसीत गाळा घेऊन बसवलंत, आणि आठवड्यात ते बंद. टेक्निशियन कोल्हापूरहून येणार, गाडीभाडं तुमचं, आणि आल्या आल्या तो म्हणणार, "कार्ड गेलंय." बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

म्हणून सांगतो, कार्ड सगळ्यात शेवटी. बिघाड शोधताना बाहेरून आत जायचं: आधी लाइन, मग स्विच, मग वायर आणि जॉब, मग कार्ड.

आधी मशीन चालतं कसं, हे थोडक्यात. वायर जॉबला घासून कापत नाही. दोघांच्या मधल्या बारीक फटीत ठिणग्या पडतात आणि धातूचे कण वितळून उडतात. हे तंत्र 1943 मध्ये रशियातल्या लाझारेंको पती-पत्नीने शोधलं. आपल्याकडे नवउद्योजक बहुतेक वेळा मॉलिब्डेनम वायरचं मशीन घेतात. त्यात साधारण 0.18 मिलीमीटरची तीच वायर ड्रमवर पुढे-मागे फिरत राहते. पुढचं सगळं त्याच मशीनबद्दल आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. थांबा, मीटरने शून्य बघा, मगच हात घाला. चालू लाइनवरची मापं लायसन्सवाल्या वायरमनकडूनच घ्या, यूट्यूब बघून नको. माझा व्हिडिओ बघूनसुद्धा नको.

आता लाइन. दोन फेजमध्ये 415 व्होल्टच्या आसपास आणि फेज-न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास मिळायला हवं, तेही तिन्ही फेजवर सारखं. माप मशीन चालू असताना, लोडवर घ्या. सकाळी रिकाम्या लाइनवर सगळंच छान दिसतं. एक फेज गेला तर कधीकधी स्क्रीन लागते, पण पंप नुसता हुं हुं करतो. अशा वेळी लगेच बंद करा, नाहीतर मोटर जळेल.

मशीनची जागा बदलली की हमखास होणारी गोष्ट म्हणजे फेज उलटसुलट जोडले जाणं. पंप उलटा फिरतो, कूलंट वर चढत नाही. ड्रमची मोटर थ्री-फेज असेल तर ड्रमही उलट्या दिशेने सुटतो, शेवटच्या लिमिट स्विचला जाऊन धडकतो आणि मशीन ट्रिप होतं. मालकाला वाटतं मशीन गेलं! वायरमनने मेन बंद करून दोन फेज अदलाबदल केले की काम झालं.

मशीन अजिबात सुरूच होत नसेल तर इमर्जन्सी बटण दाबलेलं राहिलंय का बघा. हसू नका, असं होतं. मग ड्रम टोकाच्या लिमिट स्विचवर अडकलाय का ते बघा. वायर तुटली हे ओळखणारा काँटॅक्टही बघा. वायर त्याला नीट टेकत नसेल किंवा त्यावर मळी बसली असेल, तर वायर धड असूनही मशीन "तुटली" समजून थांबतं.

सगळं फिरतंय पण ठिणगीच नाही? मग वायरला करंट देणारा कडक धातूचा तुकडा काढून बघा. वायर घासून त्याला खाच पडते. तो थोडा फिरवून नवी बाजू वायरला लावली की बऱ्याचदा काम भागतं. टेबलाकडे येणारी जॉबची केबलही घासून, साफ करून घट्ट करा.

याच्या उलट, ठिणगी सुरू होताच वायर जळून तुटत असेल तर पॉवर मॉस्फेट शॉर्ट झाल्याचा संशय घ्या. करंट तुकड्यातुकड्याने जायच्या ऐवजी सलग जातो. पुष्कळ मशीनवर प्रत्येक मॉस्फेटच्या लाइनला वेगळा स्विच असतो. सगळे बंद करून एकेक चालू करा. ज्या स्विचवर वायर जळते, ती लाइन खराब. तो एक मॉस्फेट बदलणं आणि अख्खं कार्ड बदलणं यात किती फरक पडतो, ते दोन्हींचे दर विचारून बघा. पण आधी कूलंट बदलून पाहा, घाण कूलंटमध्येही वायर वारंवार तुटते.

आपल्या किनाऱ्याची वेगळी अडचण म्हणजे खारी, दमट हवा. पावसाळ्यात रिलेच्या आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर येतो. म्हणून कार्ड बदलायच्या आधी ते काढा, पिना काँटॅक्ट क्लीनरने साफ करा, वाळू द्या आणि परत दाबून बसवा. मे 2021 च्या तौक्ते वादळात आपल्याकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी मेन बंदच ठेवा. वीज येता-जाताना बसणारा झटका कार्डांना मारतो. अर्थिंग दरवर्षी पावसाळ्याआधी तपासून घ्या.

एवढं करूनही चालत नसेल तर टेक्निशियनला बोलवा, पण काय काय तपासलं आणि किती व्होल्ट आले ते कागदावर लिहून ठेवा. बदललेलं जुनं कार्ड मागून घ्या, ते तुमचं आहे.

आणि मशीन अजून घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याच्या शेडमध्ये, तुमच्या डोळ्यांसमोर, जाड जॉबवर तासभर सलग कट मारून घ्या. पॅनेलचं वायरिंग ड्रॉइंग पैसे देण्याआधी हातात घ्या, नंतर ते कुणालाच सापडत नाही.